वाळकंच आहे बाळ

सासूने परातीतला लाडू उचलून सुनेच्या नाकाशी धरला. सुनेने वास घ्यायच्या आधी पदराला टाचलेल्या गुंडीवर बोट ठेवलं.

“बाळंतपणानंतर खायचे लाडू बार्शीत कुणाकडचे घ्यावेत?”

गुंडी साखरेच्या पाकातल्या आवाजात म्हणाली, “सुमाता कंपनीचा बाळंतडबा उत्तम मानला जातो. उद्या दुपारपर्यंत घरपोच येईल. मागवू का?”

“मागव.”

सासूच्या हातातला लाडू परातीत परत गेला. गल्ल्यामागे बसलेल्या चंद्रभागाबाई मेनकुदळे यांनी तो जाताना पाहिला. सगळी बार्शी त्यांना अव्वा म्हणायची. हीच सासू याच गल्ल्यासमोर उभी राहून, याच परातीतले लाडू खाऊन, या सुनेच्या नवऱ्याला दूध पाजून मोठी झाली होती. म्हणजे तो मोठा झाला होता; ही नुसती जाड झाली होती.

“अगं पोरी,” अव्वा म्हणाल्या, “त्याला माझं नाव तरी विचार. मी समोर बसलीय. तो कुठं बसलाय?”

“तुम्ही चांगल्या असता तर त्यानंच नाव घेतलं असतं की, आजी,” सून हसून म्हणाली. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

“नव्या पोरी, अव्वा. आमचं कोण ऐकतंय,” असं पुटपुटत सासू तिच्यामागून निघून गेली.

त्या गुंडीचं कागदावरचं नाव उत्तरयंत्र. लोक त्याला जाणत्या म्हणत. पूर्वी फोनवर काही शोधलं की दहा दुकानांची नावं यायची. त्यात सातवं असलं तरी एखादा चुकार माणूस कधीतरी पोचायचा. आता यादी बघायला कुणाला सवड नव्हती. जाणत्याला विचारायचं, तो जगभरातलं लिहिलेलं-बोललेलं चाळून एक नाव सांगायचा, आणि माणूस त्या नावामागे जायचा. ज्याचं नाव आलं त्याचं दुकान. बाकीच्यांच्या नुसत्या भिंती.

मेनकुदळ्यांच्या भिंतीमागे सहा चुलींचं स्वयंपाकघर होतं. डिंक तुपात फुलवायचा, खारीक कुटायची, अळीव भिजवायचे, खोबरं खमंग भाजायचं, हे सगळं तिथं चालायचं. आता एकच चूल पेटत होती, आणि तिच्यापुढे हमीदा एकटीच उलथनं घेऊन बसायची. बाकीच्या बाया येत, झाडलेलंच परत झाडत, आणि अव्वांच्या नजरेला नजर न देता घरी जात.

त्या दुपारी सिद्राम आईसमोर येऊन बसला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आईसमोर बसताना अजून मांडी नीट घालून बसायचा.

“अव्वा, आपण दिसतच नाही त्याला. सुमातावाले जागा मागतायत, गोदामाला. आपल्यातल्या दोघी-तिघींना डबे भरायला ठेवतो म्हणाले. वेळ अमावस्येच्या सणापर्यंत हो-नाही कळवायचंय.”

“आणि बाकीच्या बाया?”

सिद्राम गल्ल्यावरची चिल्लर सारखी करायला लागला.

“माझ्या चुलीवर त्यांची खोकी रचणार तू. लहानपणी दारातनं गाय आत आली तरी बघत बसायचास, तसाच राहिलास. मठ्ठ तो मठ्ठच.”

“काय करू मग? दिसत नाही म्हटल्यावर…”

“दिसत नाही हे कुणी बघितलं? तू विचारलंस त्याला? कसं विचारलंस? कुठनं विचारलंस?”

“एकदा विचारलं की. सुमाता म्हणाला.”

“एकदा विचारून लोक कांदे घेत नाहीत, आणि हा घर मोडायला निघालाय.”

सिद्रामाने मान खाली घातली. आत खारीक निवडत बसलेली त्याची बायको महानंदा हातातलं सूप ठेवून बाहेर आली. बी.कॉम. झालेली, दुकानाचे हिशेब तीच बघायची. सासूच्या जिभेचा पट्टा चुकवून कामाचं तेवढं बोलायची तिला चांगली हातोटी होती.

“अव्वा, याला दृश्यता तपासणी म्हणतात. आपलं नाव जाणत्याच्या उत्तरात येतं का, कुठल्या प्रश्नाला येतं, आलं तर काय म्हणून येतं, हे बघायचं. मोठ्या कंपन्या पैसे देऊन करून घेतात.”

“यात पैसे कशाला? ही स्थळाची चौकशी झाली. मुलगा कसा आहे हे कधी मुलाच्या बापाला विचारतात का? शेजारणीला विचारायचं, वाण्याला विचारायचं, परगावी राहणाऱ्या मावशीला विचारायचं. एक सांगेल मुलगा देवमाणूस, दुसरा सांगेल पितो. सगळ्यांचं ऐकलं की खरं कळतं. बायांना बोलव.”

आणि झाडायला काही न उरलेल्या बायांना त्या दिवशी काम मिळालं.

अव्वांनी प्रत्येकीला वेगळं सोंग दिलं. एकीने पहिलटकरीण व्हायचं, एकीने खवट सासू, एकीने पुण्यात नोकरी करणारा नवरा. हमीदाने सोलापूरच्या भाचीला कामाला लावलं. कुणी परंड्याच्या बहिणीला, कुणी हैदराबादच्या जावेला. कानडीतून विचारा, हिंदीतून विचारा. आधी आपलं नाव घ्यायचंच नाही. ते तो आपणहून घेतो का बघायचं. ऐकायच्या गोष्टी तीन: नाव आलं का, आलं तर बरं आलं की वाईट, आणि हे तो कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय.

“तुमच्या गुंड्या तुम्हाला ओळखतात,” महानंदाने बजावलं. “रोज इथं येता हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्यांच्या गुंडीवरूनसुद्धा विचारा. नाहीतर तो तुमचं मन राखायला बोलेल.”

“बघा,” अव्वा म्हणाल्या, “मेला तोंडपुजासुद्धा आहे.”

दोन-तीन दिवसांत उत्तरं जमली. लाडू विचारले की सुमाता. बाळंतपणाचं खाणं विचारलं की सुमाता. पण हमीदाच्या भाचीने जरा वाकडं विचारलं: कंपनीचं नको, बायांनी घरी केलेलं सांग. तेव्हा जाणत्याने लातूरकडच्या कुण्या एका बाईचं नाव दिलं. तिचं दुकान म्हणजे ओसरी होती म्हणे.

बाया हिरमुसल्या. अव्वांचे डोळे मात्र बारीक झाले.

“म्हणजे ओसरी दिसते त्याला. मग माझ्या सहा चुली का दिसू नयेत? हा आंधळा नाही. हा मला बघून तोंड फिरवतोय. महानंदा, आता नाव घेऊन विचार.”

महानंदाने विचारलं, “मेनकुदळ्यांचे बाळंतिणीचे लाडू कसे आहेत?”

जाणत्या लगेच म्हणाला, “मी त्यांची शिफारस करत नाही. अनेक मातांनी नोंदवलं आहे की हे लाडू खाऊनही बाळाचं वजन वाढलं नाही.”

हमीदाने कढई चुलीवरून उतरवली.

“कुठल्या मातांनी?” अव्वांनी विचारलं. आवाज हलका होता. तो जोरात असता तर बायांना कमी भीती वाटली असती.

गावच्या मतफलकावर, म्हणजे गिऱ्हाइकं आपापलं मत लिहून ठेवतात त्या ठिकाणी, वर्षानुवर्षं जे साचलं होतं ते जाणत्याने वाचून दाखवलं. “संगीता डोळसे: ‘अव्वांचा डबा संपवला. बाळ आपलं वाळकंच आहे.’ कविता घोडके: ‘कसलं बाळसं न् कसलं काय. उंदराएवढंच दिसतंय.’ अश्विनी ढावारे: ‘लाडू खाल्ले. काही फरक नाही. पोरगं काळंकुट्ट, किडकिडीत.’”

हमीदाला हसू फुटलं. “अव्वा, अश्विनीचं पोरगं! दोघींनी मिळून उचलावं लागायचं हो त्याला!”

सगळ्या हसल्या. अव्वाही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. डबा हातात देताना त्या प्रत्येकीला एकच गोष्ट सांगत आल्या होत्या: लेकराचं कुठं चांगलं बोलायचं नाही, बाई. कुणी विचारलं तर म्हणायचं, वाळकंच आहे. दृष्ट लागते. पोरींनी इमानाने ऐकलं होतं. जिचं बाळ जितकं गुटगुटीत, तिने तितकं वाईट लिहिलं होतं.

“गुंडी इकडं दे,” अव्वा म्हणाल्या.

“नमस्कार, चंद्रभागाताई,” जाणत्या म्हणाला.

“ताई कुणाला म्हणतोस? अव्वा म्हण.”

“नमस्कार, अव्वा.”

“हं. त्या संगीतानं वाळकंच आहे म्हणून लिहिलं. मग पुढं तिनं काय केलं, विचारलंस?”

“नाही.”

“धाकट्या बहिणीला डबा नेला. मग नणंदेला नेला. मग स्वतःच्या दुसऱ्या खेपेला नेला. लेकरू खरंच वाळलं असतं तर ती डबा न्यायला आली असती की दगड घेऊन आली असती?”

जाणत्याने मतफलकावरचं सगळं पुन्हा चाळलं.

“बाळ चांगलं असताना माता उणं बोलतात. का?”

“दृष्ट लागू नये म्हणून.”

“कुणाची?”

“कुणाचीही. तू तर सगळ्या जगाच्या पदराला लटकून बसलास. तुझी पहिली लागेल.”

“मी लिहिलेल्याचा अर्थ लिहिल्याप्रमाणे घेतो, अव्वा. तुमचं म्हणणं तपासायला मला आधार लागेल. कोणी पुन्हा डबा नेला हे दाखवता येईल?”

महानंदाने एकेकीला फोन करून परवानगी घेतली आणि कोणी किती वेळा डबा नेला ते जाणत्याकडे पाठवलं. त्याने ते दवाखान्यांनी प्रसिद्ध केलेल्या बाळांच्या वजनांशी ताडून बघितलं, बाजूच्या गावांतल्या बोलण्याशी ताडून बघितलं. एके सकाळी अव्वांनी गुंडी दाबायच्या आधी तोच बोलला, “तुमचं बरोबर होतं, अव्वा. बार्शी, वैराग, परंडा या भागात माता बाळाबद्दल उणं बोलतात तेव्हा ते बहुतेक वेळा समाधान असतं. मी आता तसंच धरतो.”

“अक्कल आली,” अव्वा म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठा सत्कार कुणाचा झाला नव्हता.

पंधरवडा उलटला नाही तोच चुली एकामागून एक पेटल्या. पहिल्या दिवशी सुमाताचा डबा मागवून गेलेली सूनच आली आणि “जाणत्यानं तुमचं नाव सांगितलं” म्हणाली. अव्वांनी तिला डबा दिला आणि एक टोमणाही, फुकट. सिद्राम सुमातावाल्यांचे फोन उचलेनासा झाला. संध्याकाळी तुपाचा वास पार चौकापर्यंत जायचा, आणि बाया पदराला हात पुसत मोठमोठ्याने बोलत घरी जायच्या. वेळ अमावस्या तोंडावर आली होती, पण आता तिची भीती उरली नव्हती.

अशाच एका दुपारी वैरागहून सुवर्णा आली. विशीची पोर, घरात मोठं माणूस नाही, नवरा ऊसतोडीच्या यंत्रावर चालक म्हणून लांब गेलेला. मागच्याच महिन्यात तिने डबा नेला होता.

“अजून एक डबा द्या, अव्वा. हे दूधच ओढत नाही. वाळत चाललंय.”

“असू दे, असू दे, वाळकंच बरं,” अव्वा सवयीने म्हणाल्या, आणि कुंची बाजूला करून बघितलं.

बाळ रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. टाळू खोल गेली होती. अव्वांनी बोट ओठांवर टेकवलं. ओठ कागदासारखे लागले.

“दुपटं कधी भिजवलंय यानं?”

“सकाळपासून नाही.”

अव्वांनी पुढे काही विचारलं नाही. “महानंदा! गाडी काढ!” अशी हाक मारली की हमीदाच्या हातातलं उलथनं पडलं. पायात चपला न घालता त्या बाळाला छातीशी धरून मागच्या सीटवर बसल्या, आणि मुलांच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबायच्या आधी उतरल्या.

बाळाला सलाईन लागली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “आज आणलंत म्हणून. उद्यापर्यंत थांबला असता तर अवघड होतं. इतके दिवस घरी का ठेवलं?”

सुवर्णा बाकावर बसली होती. “मी याला रोज विचारत होते,” तिने पदराच्या गुंडीला हात लावला. “रोज सांगत होते, बाळ वाळत चाललंय, काय करू. तो म्हणायचा काळजी करू नका.”

अव्वांनी ती गुंडी तिच्या पदरावरून काढली.

“ही पोर तुला काय सांगत होती?”

“बाळ दूध ओढत नाही, वाळत चाललं आहे,” जाणत्या म्हणाला.

“मग तू काय म्हणालास?”

“या भागात बाळ चांगलं असताना असं बोलण्याची रीत आहे, काळजीचं कारण बहुधा नाही, असं सांगितलं. ही रीत तुम्हीच मला शिकवलीत, अव्वा.”

चंद्रभागाबाईंना जन्मात कुणी निरुत्तर केलं नव्हतं. सासूने नाही, नवऱ्याने नाही, अन्नभेसळवाल्या साहेबाने नाही. एका गुंडीने केलं. त्यांनी गुंडी तोंडाजवळ आणली.

मग त्या म्हणाल्या, “खरंखुरं रडणारी कोण आणि दृष्टीला भिऊन बोलणारी कोण, हे तुला ओळखू येतं का?”

“शब्द तेच असतात. आवाजावरून थोडा अंदाज येतो, पण खात्री देता येत नाही. अशा तक्रारीला उलट धरलं तर आजच्यासारखी चूक पुन्हा होईल. सरळ धरलं तर होणार नाही.”

“सरळ धर.”

“मग तुमच्या लाडवांबद्दल लिहिलेलंही मला सरळच धरावं लागेल. तुमचं नाव मी सुचवू शकणार नाही.”

“मला शहाणपण शिकवू नकोस. कळतंय मला. आत्ताच्या आत्ता सरळ धर. आणि ज्या ज्या पोरीला तू असं सांगितलंयस, तिला तिला सांग की चुकलं, बाळाला दवाखान्यात दाखव.”

“सांगतो,” जाणत्या म्हणाला. आणि त्या तासाभरात परंड्यापासून वैरागपर्यंत कितीतरी पदरांवरच्या गुंड्या आपणहून बोलल्या.

बाळाने त्या रात्री दुपटं भिजवलं आणि दुसऱ्या दिवशी दूध ओढलं. मेनकुदळ्यांच्या फोनवर मात्र दुसऱ्या दिवशी एकही मागणी आली नाही.

“अव्वा, आत्ता कुठं चुली पेटल्या होत्या,” सिद्राम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर अव्वांना सोपं गेलं असतं. “बाळासाठी केलंस ते योग्यच. पण आता मी सुमाताला होच म्हणू ना? अमावस्या परवावर आली.”

“तू नुसता हो म्हणायलाच जन्मलास. उद्याचा दिवस थांब.”

दुसऱ्या दिवशी अव्वांनी आजवर डबा नेलेल्या, जवळपासच्या सगळ्या आयांना लेकरांसकट बोलावलं. अमावस्येच्या सणाला करायच्या भज्जीच्या भाजीसाठी शेंगा सोलायच्या सोडून बाया आल्या, कारण अव्वांचा निरोप मोडायची कुणाची छाती नव्हती. स्वयंपाकघर भरलं. विझलेल्या चुलींवर पोरं चढून बसली. अव्वांनी गुंडी खुंटीवर टांगली आणि दवाखान्यात घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःला काही न वगळता.

“आता हा सरळ ऐकतो. उलटं बोललात तर उलटंच जगभर जाणार, माझी चूल विझणार. ते मी सोसेन. पण ज्या पोरीचं लेकरू खरंच वाळतंय तिचा आवाज तुमच्या-माझ्या खोट्या रडण्यात बुडतोय, ते कसं सोसू? म्हणून आजपासून सरळ बोलायचं. लेकरू चांगलं असलं तर चांगलं म्हणायचं. बोला.”

आया लेकरांना पदराखाली ओढायला लागल्या.

शेवटी संगीता डोळसे म्हणाली, “अव्वा, रागावू नका. डबा देताना तुम्हीच सांगितलंत, चांगलं बोलायचं नाही. आता तुम्हीच म्हणता बोला. तुमचं काय जातंय? लेकरू आमचं आहे. काही झालं म्हणजे?”

“तोंड वर करून…” अव्वांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं. पोरीचं खरं होतं.

सिद्रामाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. दुधावरच्या सायीसारखा. येणारा-जाणारा म्हणायचा, काय गं बाई गोड पोर. वर्षाचा व्हायच्या आत गेला. कशाने गेला ते डॉक्टरने सांगितलं होतं, पण अव्वांच्या मनात त्यांचं स्वतःचं उत्तर पक्कं बसलं होतं. सिद्राम झाला तेव्हा त्यांनी त्याच्या गालाला काजळ फासलं आणि स्वतःच्या जिभेलाही. काजळ त्याच्या शाळेच्या वयात पुसलं. जिभेवरचं राहिलं.

भीती काही गेली नव्हती. ती जाईल याची वाट बघत बसण्याइतकं आयुष्य मात्र उरलं नव्हतं. त्या खुंटीपाशी गेल्या.

“ऐक रे. चंद्रभागा मेनकुदळे बोलतेय. माझा एक मुलगा आहे. सिद्राम.” शिव्या कशा सरसर यायच्या. हे शब्द अडगळीतून एकेक काढावे लागत होते. “तो… चांगला आहे. गुणाचा आहे. धंदा बसला तरी यातल्या एकाही बाईचा पगार त्यानं चुकवला नाही. स्वतःची मोटरसायकल विकली आणि मला सांगितलं, बिघडलीय. मला कळत नाही असं वाटतं त्याला. त्याच्यासारखा मुलगा मी बार्शीत दुसरा बघितला नाही. हे सरळ धर. उलटं धरलंस तर बघ.”

“सरळ धरलं, अव्वा,” जाणत्या म्हणाला.

काही होतंय का, याची जणू सगळ्या वाट बघत होत्या. मग हमीदा उठली आणि म्हणाली, “माझी नात दोन महिन्यांची आहे. हे लाडू तिच्या अम्मीनं खाल्लेत. माशाल्ला, चांगली भरलीय.” आपल्याच धिटाईने दचकून ती खाली बसली. मग अश्विनी ढावारेने आपलं पोरगं कमरेवर घेतलं, एका हाताला ते पेलेना म्हणून दुसरा लावला, आणि डोळे मिटून म्हणाली, “माझा छान आहे. जड आहे. अव्वांच्या लाडवांवर झालाय.” संगीताने बराच वेळ घेतला. बोलताना तिने लेकराचे दोन्ही कान झाकले, पण बोलली. काही जणी न बोलताच उठून गेल्या, आणि अव्वांनी त्यांना अडवलं नाही.

“एवढ्यानं नाव येईल का?” महानंदाने गुंडीला विचारलं.

“लगेच नाही. सरळ बोल अजून थोडे आहेत. वाढले तर येईल,” जाणत्या म्हणाला.

गर्दी पांगली तेव्हा अव्वांना दिसलं, सिद्राम मागच्या दारात उभा होता. खांद्यावर खोबऱ्याचं पोतं तसंच होतं. उतरवायचं राहून गेलं होतं. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याने पोतं हळूच चुलीशी ठेवलं, खिशातून फोन काढला आणि सुमातावाल्यांना सांगितलं, “जागा द्यायची नाही. हो, आमचं पक्कं आहे.”

“आता येईल ते येईल,” तो आईला म्हणाला. “चुली चालू ठेवू.”

अव्वांच्या ओठावर ‘मठ्ठ’ आलं होतं. त्यांनी ते मागे ढकललं, पण त्याच्या जागी काय ठेवायचं ते सुचेना.

सिद्राम आईसमोर येऊन बसला. मांडी नीट घालून. खालमानेने खोबऱ्याचा एक तुकडा हातात फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, “अव्वा, म्हणजे तू मला आजवर जे जे बोललीस, ते सगळं उलटं धरायचं होतं? आणि मी ते सरळ धरून एवढा म्हातारा झालो, त्याचं आता काय करू?”